किती वर्षं टिकायला हवं

तोंडवली,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय किशोरी,

फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर माझा नंबर बंद केला आहेस, म्हणून पत्र लिहिते. पोस्टमनला काही तू बंद करू शकत नाहीस. बेळगावला तुझ्या दारात तो येईल, विनीतभावजी पाकीट घेतील आणि तुझ्या हातात देतील. फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच. हसण्यासारखी गोष्ट आहे आणि ती ऐकवायला मला दुसरं कोणी नाही.

गणपतीत जे झालं त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. वाडीतल्या दत्तारामांचं नाव निघालं, तू म्हणालीस, "या वयात लग्न? लोक काय म्हणतील? संचिताच्या बाबांच्या आत्म्याला काय वाटेल?" आणि ताटावरून उठून गेलीस. तेवढं तुलाही ठाऊक आहे, मलाही. तर ते बाजूला ठेवू.

दिवाळीत आपल्या दोन्ही खोल्या पर्यटकांनी भरल्या होत्या. कोल्हापूरचं एक कुटुंब होतं. त्यातली सासू सकाळी घावन खाता खाता मला म्हणाली, "मावशी, तुमच्या माळ्यावर घूस आहे. रात्रभर काहीतरी कुरतडते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलं घर किती स्वच्छ असतं तुला माहीत आहे. ते लोक गेले तशी मी शिडी लावून माळा रिकामा केला. आईची तांब्याची हंडी, जुना पाळणा, बाबांची नारळ सोलायची पहार, सगळं खाली आलं. घूस नाही, बीळ नाही, साधी लेंडी नाही. तरी सापळा लावला. सापळ्यात सुक्या बांगड्याचा तुकडा ठेवला, तो मुंग्यांनी नेला.

पुढचे पाहुणे नाशिकचे. नवराबायको तरुण होते, बायको लाजत लाजत म्हणाली, "काकू, भिंतीपलीकडे कोणी सुतारकाम करतं का?"

भिंतीपलीकडे मी झोपते.

काशीबाई सोबतीला येऊन माझ्या खोलीत झोपली, तेव्हा उलगडा झाला. तिला तू ओळखतेसच, हल्ली खोल्या झाडायला तीच येते. सकाळी चहाचा कप हातात धरून ती माझ्याकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "गो शेवंती, घूस नाय नि उंदीर नाय. तूच दात खातंस. माका वाटला, कोण खोबरा किसता."

मी मानायला तयार नव्हते. पण किशोरी, कितीतरी दिवस सकाळी उठले की माझा जबडा दुखायचा. कानाखाली ठणकायचं. मी समजत होते वाऱ्याचं आहे.

काशीबाईचं निदान झालं : पोटात जंत. लहान पोरं जंत झाले की दात खातात, तर मोठ्यांना वेगळा नियम कशाला? तिने मला वावडिंगाचा काढा पाजला. पोट साफ झालं. दात चालूच राहिले.

संचिताला सांगितलं, तर "आई, तू म्हणजे ना!" म्हणत ती पुण्याहून हसून हसून बेजार. पण गुणी पोर आहे, लगेच फोनवरून काहीतरी मागवते म्हणाली. रात्री दातांवर बसवायचं. येईल ते दोन दिवसांत.

तुझा राग गेला नसला तरी थंडीचं कानाला बांधत जा.

तुझी,
ताई

तोंडवली,
९ डिसेंबर २०२४

प्रिय किशोरी,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. मी त्यात समाधान मानलं आहे.

संचिताने पाठवलेली वस्तू आली. घोड्याच्या नालासारखी, पारदर्शक. गरम पाण्यात मऊ करायची, मग चावून आपल्या दातांचा आकार द्यायचा. सूचना इंग्रजीत, अक्षरं मुंगीएवढी. मी आपली भाताच्या आधणात सोडली आणि तेवढ्यात खोलीचं बुकिंग विचारायला फोन आला. बोलून येते तर आत म्हाकुलाचं मांस शिजल्यावर आवळतं तशी ती आवळून बसलेली.

संचिताने न रागावता दुसरी पाठवली. ती नीट बसली. मऊ होती, छान वाटायची. काशीबाई तिला दातांचं हेल्मेट म्हणायची. पण सकाळी उठल्यावर जबडा पूर्वीपेक्षा जास्त दुखायला लागला आणि थोड्याच दिवसांत हेल्मेटला मागच्या बाजूला आरपार भोक पडलं. मी ते चावून खाल्लं होतं. त्याच सुमारास डाव्या दाढेतलं सिमेंटही निघून आलं, वालीच्या भाजीत. मी खडा समजून टाकणार होते.

मग मालवणला डॉक्टरकडे गेले. डॉक्टर रश्मी म्हणून आहेत, वयाने आपल्या संचिताएवढ्याच. तोंडात आरसा घालून बराच वेळ बघत बसल्या. म्हणाल्या, "दाढांचे उंचवटे सगळे झिजलेत. आणि तुमचे जबड्याचे स्नायू पैलवानाचे आहेत. कसली काळजी आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

"झोप लागते?"

"लागते."

"कोणाशी भांडण वगैरे?"

माझ्या तोंडात कापूस होता म्हणून बरं झालं.

त्यांनी समजावून सांगितलं ते तुलाही सांगते, कारण मला ते पटलं. मऊ गार्ड, म्हणजे आपलं ते हेल्मेट, हलकं दात खाणाऱ्याला ठीक. माझ्यासारखी दाबून चावणारी असली की तोंडाला वाटतं, चघळायला काहीतरी मिळालं. रात्रभर चावत राहतं आणि गार्डचा चोथा होतो. दुसरा प्रकार आतून मऊ, बाहेरून कडक. तो सुखाचा, पण माझ्या दाढांपुढे फार वर्षं काढील असं त्यांना वाटेना. तिसरा पूर्ण कडक. दातांचं माप घेऊन प्रयोगशाळेत बनवतात. सुरुवातीला जड वाटतो, तोंड भरल्यासारखं होतं, लाळ सुटते. पण टिकतो. दात खाणं कोणताच थांबवेल अशी खात्री नाही, दात मात्र वाचतात.

मी म्हटलं, "साधासा द्या. मला कशाला या वयात टिकाऊ?"

डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि विचारलं, "किती वर्षं टिकायला हवं?"

किशोरी, अशा तऱ्हेने मला कोणी विचारलंच नव्हतं. संचिताचे बाबा गेल्यावर ओरोसचं सरकारी क्वार्टर सोडून मी इकडे आईजवळ आले, तेव्हापासून मी प्रत्येक वस्तू 'चालेल तेवढी चालेल' म्हणून घेतली आहे. चप्पल, मिक्सर, चष्मा. पर्यटकांच्या खोल्यांत चांगल्या गाद्या आणि मी स्वतः आईच्या कापसाच्या गादीवर.

डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या आई किती वर्षं जगल्या?"

"नव्वदीच्या जवळ आल्या होत्या."

"मग हिशेब तुम्हीच करा."

मी कडक सांगितला.

त्यांनी गुलाबी लगदा भरलेला साचा तोंडात दाबला आणि माप घेतलं. मला वाटलं आता आपला जीव जातो. नाकाने श्वास घ्या म्हणाल्या, घेतला. तयार व्हायला वेळ लागेल.

मालवणला मी एसटीने गेले असं लिहिणार होते. पण तू काशीबाईला विचारशील आणि ती सांगेल. दत्तारामांच्या स्कूटरवरून गेले. ते आत आले नाहीत. बाहेर उभे राहिले, मग मासळीबाजारात गेले आणि सुंगटं घेऊन आले. त्यांना मी फक्त दाढेचं दुखणं सांगितलं आहे, बाकीचं नाही. का नाही, ते माझं मला माहीत.

तुझी,
ताई

तोंडवली,
१५ जानेवारी २०२५

प्रिय किशोरी,

संक्रांतीचा तिळगूळ वेगळा पाठवला आहे, मऊ आहे. कडक करायची हिंमत राहिली नाही.

गार्ड आला. डॉक्टरांनी तो घालून निळा कागद चावायला दिला आणि जिथे जिथे निळं उठलं तिथे तिथे घासून पुन्हा बसवला. चार वेळा तरी केलं असेल. पोर मोठी चिकाटीची आहे कामात. सांगितलं, थंड पाण्याने धुवा, मऊ ब्रशने घासा, भोकं असलेल्या डबीत ठेवा, आणि गरम पाण्याच्या जवळपाससुद्धा नेऊ नका. हे शेवटचं सांगताना त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. म्हाकुलाची गोष्ट मी त्यांना सांगितली होती.

पहिल्या रात्री वाटलं, तोंडात शिंपला धरून झोपले आहे. नंतर सवय झाली. सकाळी कान ठणकायचा थांबला. काशीबाई पुन्हा एकदा झोपायला आली आणि म्हणाली, "आता खोबरा किसण्यासारखा नाय. आता सुपारी कातरल्यासारखा, पण लांबसून." ही प्रगतीच म्हणायची.

आता खरी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

परवा सकाळी गार्ड धुऊन मी ओट्यावर उन्हात ठेवला. उन्हात ठेवायचा नसतो, मला नंतर कळलं. आत जाऊन तांदूळ निवडायला बसले आणि बाहेर येऊन बघते तर डबी आहे, गार्ड नाही. मी तुळशीमागे शोधलं, केरात शोधलं, विहिरीत वाकून बघितलं. काशीबाईने कावळ्याला शिव्या घातल्या.

इतक्यात दत्ताराम येताना दिसले. त्यांच्या मागून त्यांचा कुत्रा, मान खाली घालून. दत्तारामांच्या हातात केळीचं पान होतं आणि पानात माझा गार्ड.

"शेवंती," ते म्हणाले, "तुझ्या पावण्यांपैकी कोणाची कवळी हरवली काय? ह्या मेल्यान माझ्या पडवेत आणून ठेवल्यान."

काशीबाई पदर तोंडात धरून आत पळाली. मी काही खोटं सांगू शकले असते. पाहुणे आत होते, त्यातले एक आजोबा बोळके होते. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "पावण्याची नाय. माझीच ती."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "तुझे दात तर तुझेच आसत."

मग मी सगळं सांगितलं. घूस, सापळा, वावडिंग, डॉक्टर. उभ्या उभ्या, अंगणात, हातात तांदळाचं सूप. आणि सांगता सांगता तेही सांगितलं जे मी तुलाही सांगितलं नव्हतं. त्यांनी मला लग्नाचं विचारून किती महिने झाले, मी उत्तर दिलं नव्हतं. तुला वाटत असेल तुझ्या रागामुळे. तुझा राग होताच. पण त्याहून मोठी भीती ही होती, की माझ्या शेजारी झोपलेला माणूस पहिल्याच रात्री उठून बसेल. भिंतीपलीकडच्या परक्या लोकांना झोप येत नाही, तर खोलीतल्या माणसाचं काय व्हायचं? सत्तावन्नाव्या वर्षी नवऱ्याने उशी उचलून ओसरीवर जायचं, हे मला सोसलं नसतं.

ते आधी हसतील असं मला वाटलं. हसले नाहीत. पायरीवर बसले.

"ह्यासाठी तू जबाब देय नाय होतंस?"

"होय."

"शेवंती, मी बोटीवर कुक होतंय. कुकाची केबिन खंय असता तुका म्हायत आसा? इंजिनाच्या डोक्यार. आख्खो जल्म मी त्या धडधडीत निजलंय. बोट सोडून घराक इलंय तेव्हापासून माका झोप नाय. इतकी शांतता माणसान कशी सोसूची? माझो पंखो खडखडता, तो मी मुद्दाम दुरुस्त करूक नाय."

मी सूप कमरेशी टेकवलं.

"तू खा दात," ते म्हणाले. "माका बरी झोप येतली."

किशोरी, त्या क्षणी मी रडायला हवं होतं, पण मला हसू आलं आणि ते थांबेना. तांदूळ सांडले. कोंबड्यांची चैन झाली. काशीबाई दारातून म्हणाली, "आता 'होय' म्हण एकदाचा, तांदूळ संपतले."

मी 'होय' म्हटलं.

हे तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून लिहिते आहे. तू रागावशील. रागाव, पण एकदा लिही.

गार्ड दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेला. कुत्र्याच्या दातांचे नुसते ओरखडे होते. त्यांनी घासून, औषधाने स्वच्छ करून दिला आणि म्हणाल्या, "मजबुतीची परीक्षा झाली म्हणायची."

तुझी,
ताई

तोंडवली,
६ फेब्रुवारी २०२५

माझी किशू,

तुझं पत्र आलं. पोस्टमनच्या हातातून घेतलं आणि पायरीवरच वाचलं. मग आत जाऊन पुन्हा वाचलं.

तू लिहिलंस, "ताई, लोकांचं मी उगाच म्हटलं. संचिताच्या बाबांचंही. खरं सांगू? आई गेल्यावर तोंडवलीचं दार तू उघडं ठेवलंस. तू त्यांच्या घरी गेलीस की मी एसटीतून उतरून कुठे जाऊ?"

वेडे, हे गणपतीत का नाही बोललीस? मी तेव्हाच सांगितलं असतं. पण तेव्हा मलाही माहीत नव्हतं, ही गोष्ट खरी. मी स्वतः हेच समजून चालले होते की बाईने जायचं असतं. खोल्या कोण बघेल, गणपती कुठे बसेल, याचाच विचार करत झोपायचे. दात खाणार नाही तर काय.

तुझं पत्र मी दत्तारामांना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "तू खंय जातलंस? माझा घर म्हणजे भावाच्या पडवेतली एक खोली. मीच येतंय हंय. एक ट्रंक, एक कढई नि ह्यो कुत्रो."

मी म्हटलं, "साठी उलटल्यावर घरजावई? वाडी हसात."

"हसांदे. बोटीवर मी सतरा देशांच्या माणसांबरोबर ऱ्हवलंय." थोडं थांबून म्हणाले, "पण घर तुझ्या एकट्याचा नाय. दोघींचा आसा. भैणीक इचार. ती नको म्हणाली तर मी ट्रंक उचलूचंय नाय."

तर विचारते. आईबाबांनी हे घर आपल्या दोघींना ठेवलं. मधली खोली तुझी आहे, तुझीच राहील, तिथे पर्यटकसुद्धा मी ठेवलेला नाही. गणपती इथेच बसेल. तू यायचीस तशीच येशील, फरक एवढाच की स्वयंपाकघरात एक पुरुष असेल आणि तो आपल्यापेक्षा चांगला रस्सा करतो. हे तुला आवडेल की नाही, माहीत नाही. मला अजून पूर्ण आवडलेलं नाही. मसाला तो मोजून घालतो.

नको वाटत असेल तर तसं लिही. मी रागावणार नाही आणि तेही रागावणार नाहीत. आम्ही दुसरं काहीतरी बघू.

आता तुझ्या पत्राची शेवटची ओळ. "कडक गार्ड पहिल्या आठवड्यात फार दुखतो का?" एवढंच लिहून सही. म्हणजे तूही? विनीतभावजी कधीपासून सहन करतायत? आठव, आई झोपली की बाबा म्हणायचे, "तुमची आवस सपनात चणे खाता." आपण दोघी तिच्याच.

दुखत नाही, दाटल्यासारखं होतं. दुखलं तर सोसत बसू नकोस, जाऊन घासून घे. फोनवरून मागवू नकोस. बेळगावात चांगला डॉक्टर बघ, माप देऊन करून घे, आणि आधी त्यांना विचार की तुझं चावणं हलकं की दाबून. मऊ की कडक ते त्यावर ठरतं. तू लहानपणी माझ्या दंडाला चावली होतीस त्यावरून मी सांगते, कडकच घे.

तुझी,
ताई

तोंडवली,
२१ फेब्रुवारी २०२५

प्रिय किशू,

काल जे झालं त्याची एक बाजू तुला माहीत आहे. दुसरी मी सांगते.

सकाळी मी पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत होते. दत्ताराम मागच्या दारी बसून सुरमई कापत होते. त्यांचा फोन वाजला. हाताला मासळी लागलेली म्हणून काशीबाईने फोन त्यांच्या कानाला लावला. मी चादरीआडून बघत होते. पलीकडून काय बोललं गेलं ते मला कळलं नाही, पण बोलता बोलता ते उठून उभे राहिले. सरळ, जणू कप्तान आला आहे. नुसतं "होय", "होय", "तसाच करूया" म्हणत होते. एकदा म्हणाले, "नाय, तुमची खोली नाय, तिका हात लावचंय नाय." तेव्हा मला कळलं कोण आहे.

मी तीच चादर दुसऱ्यांदा पिळली.

तू मला फोन न करता त्यांना केलास. मला आधी जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग पटलं. विचारलं मी होतं, पण येणार ते होते.

फोन संपला तरी ते उभेच. काशीबाई फोन घेऊन आत गेली. सुरमईवर मांजर आली, त्यांचं लक्ष नाही. मी जाऊन मांजर हाकलली.

"किशोरीचो फोन?" मी विचारलं.

"होय."

"काय म्हणाली?"

"वालावलीच्या देवळात लग्न करा म्हणाली, लक्ष्मीनारायणासमोर. थंय गर्दी नसता. ती नि विनीत आदल्या दिवशी येतले. संचिताक ती स्वतः सांगतली."

"आणि?"

"आणि ट्रंक मधल्या खोलयेत ठेवायची नाय."

"आणि?"

त्यांनी सुरमईवरच्या माश्या हाकलल्या. बोटीवर सारा जन्म काढलेला माणूस, आईबाप गेले, बायको गेली, मूलबाळ नाही. भावाच्या मुलांचा काका, वाडीत सगळ्यांचा दत्ताराम. एवढंच नातं त्यांना उरलं होतं.

"फोन ठेवताना," ते म्हणाले, "माका 'भावजी' म्हणाली."

आणि मग हात धुवायला विहिरीवर गेले, किशू, आणि बराच वेळ नुसतं पाणी काढत राहिले. मी मासळी तळायला घेतली.

तुझी,
ताई